पालथे दिवस

"अहो, मान वर करू नका!"

"मान कुठं वर केली? पंखा चालू आहे का ते बघत होतो."

"पंख्याचा आवाज येतोय. बघायला कशाला पाहिजे?"

त्यावर हे गप्प बसले. म्हणजे तोंडानं गप्प. पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या टाचेवर घासायचं काम चालूच होतं. सकाळी मिरजेहून गाडीनं आणल्यापासून तो अंगठा थांबला नव्हता.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आमची एकुलती एक शर्वरी, म्हणजे शरू, तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन मे महिन्याच्या सुट्टीत घरी होती. कराडला आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर. ह्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा फुगा सोडला. तो फुगा पडद्याला आतून दाबून धरणार, पण त्यासाठी माणसानं सतत जमिनीकडं तोंड करून राहायचं. जेवताना, चालताना, झोपताना मान खाली. पंधरा दिवस. डाव्या डोळ्याचा पडदाही पातळ झाला होता म्हणून तिथं लेझर मारलेलं. त्यामुळं पुस्तक, पेपर, टीव्ही, मोबाईल, सगळं बंद.

"आणि नाही ऐकलं तर?" मी डॉक्टरांना विचारलं होतं.

"तर डोळ्याची आशा सोडा," ते म्हणाले. एवढं सरळ बोलणारा डॉक्टर मी आधी पाहिला नव्हता.

घरच्या पलंगावर ह्यांना पालथं झोपवून बघितलं तर नाक दबून श्वास कोंडायला लागला. तेव्हा मला माझा पार्लरचा बेड आठवला. पाठीच्या मसाजसाठी त्याला तोंडापाशी गोल भोक आहे, बायका त्यात चेहरा ठेवून निवांत पालथ्या पडतात. ऐन लग्नसराईत मी दाराला कडी घातली, 'पार्लर बंद आहे' अशी पाटी लावली आणि शरूच्या बाबांना त्या बेडवर घातलं. त्यांना त्या भोकातून फरशीचा तुकडा तेवढा दिसायचा, आणि खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं.

ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात, पण गावात ओळख वेगळीच. दिनकर थोरात म्हणजे वाचणारा माणूस. ऑफिसातून आले की चहा घ्यायचा आणि आतल्या खोलीत पुस्तकांत जाऊन बसायचं ते जेवायला हाक मारेपर्यंत. त्या खोलीच्या तीन भिंती पुस्तकांनी भरलेल्या. शाळाशाळांतून पालकांपुढं बोलायला ह्यांना बोलावणं यायचं. "मुलांना वाच म्हणू नका," हे सांगायचे, "तुम्ही वाचत बसा. मुलं बघतात आणि आपोआप पुस्तक हातात घेतात. आमची शरू उशाशी पुस्तक असल्याशिवाय झोपत नाही."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी श्रोत्यांत पहिल्याच रांगेत होते. मी माझ्या चपलेकडं बघत बसले. शरूच्या उशाशी मोबाईल असायचा. चौथी-पाचवीनंतर तिनं अभ्यासाखेरीज पुस्तक उघडलेलं मला आठवत नव्हतं. घरात हे तो विषय काढत नसत. काढला की जेवणाचं ताट अर्धं राहायचं.

तर असा माणूस आता पालथा पडला होता आणि समोर फरशी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "उज्ज्वला, स्टुलावर ते जाड पुस्तक आहे बघ. खूण घातलीय. थोडं वाचून दाखव ना."

मी वाचायला बसले. मी भुवयांना दोरा लावून तासन्‌तास एका जागी उभी राहू शकते, पण छापील पान समोर आलं की माझ्या डोळ्यांवर झापड येते. दोन पानं कशीबशी झाली. मग मी हळूच चार पानं एकदम उलटली.

"अगं, तो आत्ता तर तुरुंगात होता. बाहेर कधी आला?"

"सुटला असेल."

"असा कसा सुटेल? पानं गाळलीस तू."

"गाळली. मला कणीक मळायचीय."

उकाडा असा की पंख्याखालीसुद्धा अंग चिकचिकायचं. दुपारी वीज गेली की विचारूच नका. हे बेडच्या कडेवर बोटं वाजवायचे. कोण आलं ते पावलांवरून ओळखायचे. "ही निळी चप्पल कुणाची?" "बाहेर कोण बोलतंय?" "किती वाजले?" पाच मिनिटांनी परत, "किती वाजले?" शेजारच्या जोंधळेवहिनी भुवया करून घ्यायला आल्या आणि पाटी वाचून परत निघाल्या, तर हे आतून ओरडले, "येऊ द्या की त्यांना, मी कुठं बघतोय!" वहिनी लाजून पळाल्या. त्या माणसाला नुसता माणसाचा आवाज हवा होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी ह्यांनी शरूला हाक मारली.

शरू जिन्यावरून खाली आली. एका कानात हेडफोन, एक लोंबकळता.

"शरू, वाचतेस का जरा?"

"मी? मराठी?"

"का, मराठी वाचता येत नाही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, वाच गं, आजारी आहेत. ती स्टुलावर बसली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि सुरू झाली. तिचा आवाज चांगला आहे. पहिलं पान ठीक गेलं.

"तिथं स्वल्पविराम आहे," हे खालून म्हणाले. "जरा थांब. श्वास घे."

"तुम्हाला दिसत नाही तरी कळतं?"

"मी हे दोनदा वाचलंय."

"मग परत कशाला ऐकायचंय?"

"तू वाच."

ती वाचायला लागली. एका ओळीशी अडखळली. "त्याच्या वडिलांनी केलेली निर्भ... निर्भत्सना..."

"निर्भर्त्सना."

"निर्भत्सना."

"अगं, र आहे ना त्यात! निर्भर्त्सना. म्हण परत."

शरूनं परत म्हटलं. परत चुकलं. तिसऱ्यांदा ती म्हणालीच नाही. तिनं पुस्तक मिटून स्टुलाशेजारी ठेवलं. आदळलं नाही, ठेवलं. आदळलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

"मला नाही जमत, बाबा."

"जमत नाही कसं? घरात भिंतीच्या भिंती पुस्तकांच्या, आणि पोरीला एक शब्द नीट..."

"तुमची आहेत ती पुस्तकं. माझं एकही नाही त्यात."

जिन्यावर तिची पावलं वाजली. वरच्या खोलीचं दार लागलं. मी आमटीला फोडणी घातली ती करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडईत गेले. जाताना शरूला सांगितलं, "बाबांकडं लक्ष ठेव, मी आलेच." ती वरूनच 'हो' म्हणाली. मंडईत गर्दी होती, परतायला नेहमीपेक्षा उशीर झाला. दारातून आत पाऊल टाकते तर बेड रिकामा.

पिशवी तिथंच टाकून आत धावले. हे पुस्तकांच्या खोलीत होते. खुर्चीवर बसून, मांडीवर पुस्तक, नाक पानाला टेकलेलं, डाव्या डोळ्यानं एकेक अक्षर शोधत होते. मान खालीच होती, तेवढं बघून मला जरा हायसं वाटलं. मग माझं लक्ष वर गेलं. पुस्तक वरच्या फळीवरचं होतं. तिथं रिकामी फट दिसत होती.

"तुम्ही वर बघितलंत?"

"एकच क्षण."

"एकच क्षण? अहो..."

"माझ्या डोक्यात किडे पडल्यासारखं झालंय उज्ज्वला," हे पानातून तोंड न काढता म्हणाले. "मी वेडा होईन."

शरू माझा आवाज ऐकून खाली आली होती. हेडफोनची वायर तिच्या हातात गुंडाळलेली. तिनं रिकामा बेड बघितला, बाबांना बघितलं आणि तिच्या तोंडाचा रंगच गेला.

संध्याकाळी ह्यांचा डोळा ठणकायला लागला. मग उलटी झाली. आम्ही दोघींनी धरून रिक्षात घातलं, मान गुडघ्यांकडं वाकवून. गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रेशर वाढल्याचं सांगितलं, मिरजेला फोन लावला, थेंब दिले, गोळ्या दिल्या आणि तासभर तिथंच बसवून ठेवलं. बाहेरच्या बाकावर शरू माझ्या शेजारी बसली होती. तिचा गुडघा सारखा हलत होता, अगदी बापासारखा. मी हात ठेवून तो थांबवला. हात काढला की परत सुरू.

डॉक्टर बाहेर आले. "या वेळी निभावलंय असं दिसतंय. पण परत असं केलंत तर मला सांगायला येऊ नका."

त्यानंतर हे अगदी शांत पडले. बोटं वाजवणं बंद, वेळ विचारणं बंद. पायाचा अंगठासुद्धा हलेना. आधीच्या चुळबुळीनं मी वैतागले होते, पण या शांततेनं मला धडकी भरली. दोन वेळा मी वाकून श्वास चालू आहे ना ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर शरू उशी घेऊन खाली आली. काही न बोलता ती बेडखाली शिरली, फरशीवर उताणी झाली आणि उशी डोक्याखाली घेतली. आता त्या भोकातून ह्यांना फरशीऐवजी पोरीचा चेहरा दिसत होता.

"हे काय?" हे म्हणाले.

"तुम्हाला दिसतेय मी?"

"धूसर. नाक दिसतंय."

"बास झालं तेवढं. मी जे वाचते ते वाचून दाखवते. पण चुका काढायच्या नाहीत."

"काय वाचतेस तू?"

"एक ॲप आहे. त्यावर लोक गोष्टी लिहितात. ही एक फिलिपाइन्समधली बाई आहे, खरं नाव माहीत नाही. दर शुक्रवारी एक भाग टाकते. इंग्रजीत आहे. मी मराठीत सांगते, वाचता वाचता."

"असल्या ठिकाणी कोण काय लिहितं, कुणी तपासतं का ते?"

"बाबा."

"बरं. वाच."

मी भांडी घासत होते. स्वयंपाकघरातून पार्लरमधलं सगळं ऐकू येतं. गोष्ट लूर्द नावाच्या बाईची होती. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, म्हणून ती एका मालवाहू बोटीवर स्वयंपाकीण म्हणून चढते. तिला पोहता येत नाही, आणि बोटीवर हे कुणाला कळता कामा नये. शरू एक वाक्य मनात वाचायची, क्षणभर थांबायची आणि मराठीत बोलायची.

"मग कप्तान म्हणाला, एवढ्या माणसांचा भात तुला झेपायचा नाही. तशी लूर्दनं पदर खोचला आणि म्हणाली..."

"फिलिपाइन्समध्ये पदर?"

"चुका काढायच्या नाहीत."

"चूक नाही गं, विचारतोय. तिथं काय लिहिलंय?"

"बाह्या सारल्या असं लिहिलंय. पण ही बाई बाह्या सारणारी नाही वाटत मला. ही पदर खोचणारी आहे."

बेडवरून एक विचित्र आवाज आला. मी साबणाच्या हातानं धावत गेले. हे हसत होते. पालथ्या माणसाला हसता येत नाही, पोट दाबलं जातं, तरी हसत होते आणि शरू खालून ओरडत होती, "हसू नका! डोकं हलतंय!"

चार वाजले, पाच वाजले. चहाला हाक मारली तर दोघांपैकी कुणी ओ देईना. संध्याकाळी शरू उठली तेव्हा तिच्या पाठीला फरशीचा गारवा लागून शिंका सुरू झाल्या होत्या.

असं रोज सुरू झालं. मीही माझी कामं हळूहळू पार्लरच्या दाराशी आणली. शेंगा फोडायच्या तर तिथं बसून, कपड्यांच्या घड्या घालायच्या तर तिथंच. एकदा मी मध्येच विचारलं, "पण त्या लूर्दच्या नवऱ्याची अंगठी त्या खलाशाकडं कशी आली?" तर दोघं एकदम म्हणाले, "शू!"

एकदा शरू पाणी प्यायला गेली तेव्हा हे मला म्हणाले, "उज्ज्वला, परवा ती म्हणाली, 'त्याचं तोंड उतरलं', काल म्हणाली, 'तिनं शब्द झेलला नाही, पडू दिला.' हे कुठून आणलं तिनं? माझ्या पुस्तकांतलं तर तिनं काही वाचलेलं नाही."

"पार्लरमधून," मी म्हटलं. "लहानपणी कोपऱ्यात बाहुली घेऊन कोण बसायचं? बायका फेशियल करून घेताना काय गप्प बसतात?"

ह्या माणसानं आजवर पार्लरला 'तुमची बडबड' यापलीकडं नाव दिलं नव्हतं.

मग एका दुपारी ते झालं. मी दाराशी कैऱ्या किसत होते. भाग संपला होता, शरूनं मोबाईल छातीवर ठेवला होता.

"शरू," हे म्हणाले, "एक विचारू? रागावू नको."

"विचारा."

"ही गोष्ट चांगली आहे. खरंच चांगली आहे. असं वाचायला आवडतं तुला, तर मग पुस्तक का हातात घेत नाहीस?"

माझी किसणी थांबली.

"सांगू?"

"सांग."

"मी लहान होते तेव्हा तुमच्या खोलीचं दार लावलेलं असायचं. मी ढकलून आत यायचे. तुम्ही वर न बघता एक बोट उभं करायचा. थांब, म्हणून. मी थांबायचे. तुम्ही पान उलटायचा. मग दुसरं पान. मग मी जायचे."

"असं... रोज व्हायचं?"

"रोज नाही. पण मला ते बोट आठवतं. पुस्तक म्हटलं की तेच आठवतं. शाळेत तुम्ही भाषणात सांगायचा ना, आईबाप वाचताना मुलं बघतात. मी बघत होते, बाबा."

उठून जायची सोय नव्हती. मान फिरवायचीसुद्धा नव्हती. दीड हातावर पोरीचा चेहरा, आणि त्याच्याकडं बघतच राहायचं. भोकातून पाण्याचा एक थेंब खाली पडला आणि शरूच्या कपाळावर उतरला.

"डोळ्यातून पाणी येतंय तुमच्या. औषध घालायचं?"

"नको," हे म्हणाले. "अजून एक भाग शिल्लक आहे ना? वाच."

शरूनं मोबाईल उचलला. मी किसणी उचलली. किसलेल्या कैरीत तिखट दोनदा घातलं, हे दुसऱ्या दिवशी जेवताना कळलं.

त्या आठवड्यात सगळे जुने भाग संपले. बोट वादळात सापडली होती, लूर्द कठड्याला धरून उभी होती आणि तिथं भाग तुटला होता. आता शुक्रवारची वाट बघायची. ह्यांना ते काही केल्या पटेना. "म्हणजे आपण नुसतं थांबायचं? पुढचं पान नाहीच?" बोटं परत बेडवर वाजायला लागली. पण आता शरूही तशीच. जिना चढायची, उतरायची, मोबाईल उघडून बघायची.

गुरुवारी संध्याकाळी पोळकाका आले. हणमंतराव पोळ म्हणजे आमच्या वाचनालयाचे कार्यवाह, पांढरं धोतर, हातात छत्री, उन्हासाठी. मी खुर्ची दिली. ह्यांना त्यांची कोल्हापुरी चप्पल तेवढी दिसत असणार.

"काय थोरात, कसं काय? दंडवत घातल्यागत पडलायत," ते म्हणाले. "अहो, उद्या आपल्या व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस. विषय तुमचा, 'घरातले वाचनसंस्कार'. ऑपरेशन व्हायच्या आधीच पत्रकं छापली हो. आता वक्ता कुठून आणू?"

"माझा नाइलाज आहे, काका."

"तुम्ही नाही, कळलं. मी एक तोड काढलीय. शर्वरीला पाठवा! वाचणाऱ्या घरातली वाचणारी मुलगी. उशाशी पुस्तक असल्याशिवाय झोपत नाही ती. तिनं दहा मिनिटं बोलायचं, बाबांकडून काय मिळालं ते. अहो, लोक डोक्यावर घेतील. हवं तर तुम्ही सांगा, ती लिहून घेईल."

शरू दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. पुढं काय होणार ते आम्हा दोघींना दिसत होतं. हे आता चार छान वाक्यं सांगणार, शरूला ती पाठ करावी लागणार, गाव टाळ्या वाजवणार. ह्यांच्या अब्रूचा प्रश्न होता. सगळ्या तालुक्यात हे तेच बोलत आले होते.

पायाचा अंगठा टाचेवर घासायला लागला. मग थांबला.

"काका, ती पुस्तकं वाचत नाही," हे म्हणाले.

पोळकाका हसले. "विनयाला काही मर्यादा?"

"विनय नाही. उशाशी पुस्तक वगैरे मी रचून सांगत होतो. वर्षानुवर्षं. ती पुस्तकाला हात लावत नाही, आणि त्याला कारण मी आहे. ती मोबाईलवर वाचते. आणि मला वाचून दाखवते, म्हणून मी या बेडवर टिकलो, नाहीतर एव्हाना डोळा घालवून बसलो असतो."

कोल्हापुरी चप्पल जागच्या जागी चुळबुळली. बिचाऱ्या काकांनी पत्रकं छापली होती.

"मग... मग तेच येऊन सांगू दे तिला," ते शेवटी म्हणाले. "मोबाईल तर मोबाईल. नवीन पिढीचा दृष्टिकोन म्हणू."

"शरूला विचारा."

"काका, उद्या नाही जमणार," शरू दारातूनच म्हणाली. "उद्या शुक्रवार आहे. आम्हाला संध्याकाळी काम आहे."

काका गेले. फाटकाची कडी लावून मी आत आले तर शरू बेडखाली शिरलेली होती. मोबाईल नव्हता तिच्या हातात. दोघं नुसतीच एकमेकांकडं बघत होती. मी आले तशी परत फिरले आणि उगाच अंगणातला पालापाचोळा झाडला.

शुक्रवारी दिवसभर घरात कुणाचा पाय ठरेना. दुपारीच मी स्वयंपाक उरकला. जोंधळेवहिनींना फाटकातूनच परत पाठवलं. तिन्हीसांजेला शरू जाग्यावर आली, मी स्टूल ओढून बसले.

"आला का?"

"नाही अजून."

थोड्या वेळानं, "आला?"

"आई, आला की सांगेन ना."

वाचनालयाच्या पटांगणातून लाऊडस्पीकर ऐकू येत होता. कुणीतरी दुसरा वक्ता मिळाला होता. अंधार पडला, दिवे लागले. भाग आला नाही. शरूनं पुन्हा पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "कधी कधी नाही टाकत ती. एकदा महिनाभर गायब होती. काही लोक मध्येच सोडूनच देतात."

"सोडून देतात?" ह्यांचा आवाज चिरकला. "आणि त्या बाईला तसंच कठड्याला धरून ठेवायचं?"

"काय करणार?"

परत ती तडफड. बोटं, अंगठा, उसासे. मला भीती वाटली, हा माणूस आता उठतो की काय. शरूलाही तेच वाटलं असावं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा ना एखादी. तुम्ही एवढं वाचलंय."

"मी? पुस्तक नको?"

"नको. तशीच सांगा."

ह्यांची बोटं बेडच्या कडेवर थांबली. आयुष्यभर वाचलं, पण कधी कुणाला काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. भाषणं वेगळी.

"एक आहे," हे म्हणाले. "कॉलेजात असताना वाचली होती. नदीकाठची एक बाई असते. म्हातारी. नाही, म्हातारी नव्हे, तुझ्या आईएवढी. पुरात तिच्या दाराशी एक म्हैस वाहून येते. जिवंत. ती तिला बांधते, चारापाणी करते. मग म्हैस विते... नाही, थांब. आधी म्हशीचा मालक येतो. लांबच्या गावचा, म्हशीचा माग काढत. नाही... विते आधी."

"असू दे. काहीही आधी असू दे."

"मालक म्हणतो, म्हैस माझी. ती म्हणते, म्हैस तुझी, पण रेडकू माझ्या दारात झालं. तो म्हणतो, आईशिवाय रेडकू जगेल का? मग तो तिथंच ओट्यावर राहतो. आज नेतो, उद्या नेतो."

"मग?"

हे रंगले. अडखळत होते, माणसांची नावं विसरत होते, बाईच्या दिराला मध्येच भाऊ करून टाकत होते. पण बाई बोलायला लागली की ह्यांचा आवाज बदलायचा, मालकाचा वेगळा. मी माझ्या नवऱ्याला पंचवीस वर्षं ओळखत होते आणि हा आवाज मला माहीत नव्हता. शरूनं मोबाईल बाजूला पालथा घातला होता.

"आणि मग पंचायत बसते. गाव जमतं. मालक उठून उभा राहतो..." हे थांबले.

"मग?"

"मग..." बोटं बेडवर वाजली. "शेवट आठवत नाही."

"बाबा!"

"खरंच आठवत नाही गं. म्हैस कुणाला मिळते ते... थांब. पुस्तक आहे आत. डाव्या भिंतीला, वरून दुसरी फळी. मी आत्ता..."

त्यांनी कोपरावर भार दिला. मी स्टुलावरून उठले. पण त्याआधी शरूनं खालून हात वर करून भोकातून त्यांचा गाल धरला.

"उठू नका. मला नाही बघायचं पुस्तकात."

"अगं, शेवट तरी कळायला पाहिजे ना?"

"आपण ठरवू. मला वाटतं म्हैस बाईला मिळते."

हे कोपरावर तसेच अर्धवट. मग हळूहळू खाली आले. "न्यायानं बघितलं तर मालकाची आहे," ते म्हणाले.

"पुरातनं वाचवली कुणी?" मी मध्ये पडले. "चारापाणी कुणी केलं?"

जेवणं थंड होईपर्यंत आम्ही तिघं भांडलो.

पुढं फुगा विरला, डोळा वाचला. पूर्वीसारखा नाही, चष्मा लावून मोठी अक्षरं दिसतात, बारीक टाइप दिसत नाही. लूर्दचा पुढचा भाग तीन आठवड्यांनी आला, ती वादळातून वाचली. शरू आता पुण्यात नोकरी करते. पुस्तकांशी तिचं फारसं जमलंय असं नाही, मोबाईलवर काय काय वाचत असते. शाळांतून ह्यांना अजून बोलावणं येतं. आता हे जातात आणि भाषण न करता मुलांना गोष्ट सांगून येतात.

म्हशीची गोष्ट मी पार्लरमध्ये सांगते. बायका पालथ्या पडल्या की सांगते, चेहरा भोकात असला की माणूस चांगलं ऐकतं. पंचायतीपर्यंत आलं की मी थांबते, आणि मग बायका बेडवरून आणि खुर्चीवरून जे काय भांडतात! मालकाची, बाईची, रेडकू एकाला म्हैस एकाला. परवा जोंधळेवहिनी कावून म्हणाल्या, "अगं, पुस्तक घरात आहे ना तुमच्या? मग बघून सांग की एकदाचं."

डाव्या भिंतीला, वरून दुसऱ्या फळीवर आहे ते. आमच्यातलं कुणीही अजून उघडून बघितलेलं नाही.